बंडी, दमणी आणि स्टेशन वॅगन

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या समाजाचें धोरण मोठें चमत्कारिक आहे. जुनें पितळी तपेलें घरांत असणें हें कुलीनतेचें लक्षण समजतात. जुना तंबोरा गवयाची प्रतिष्ठा वाढवितो. वाडा पडावयास आला तरी त्याच्या तुळयांची जाडी पाहुण्यांस अभिमानानें दाखविण्यांत येते. परंतु जुनी मोटारगाडी, आणि त्यांतही दुसऱ्यानें वापरून सोडलेली, दाराशीं उभी असली म्हणजे मालकास ओशाळल्यासारखें होतें, व कोणी विचारण्यापूर्वींच "सध्यां कामापुरती घेतली आहे" असें तो सांगूं लागतो. आम्हीही कांहीं दिवस असेंच सांगत होतों. देऊळघाटास राहून बुलढाण्यास नित्य जाणें-येणें करावें लागे. पैशाचें मान बेताचें. म्हणून जी गाडी मिळाली ती घेतली. ती होती लांब पाठीची, मागें उघडणाऱ्या दाराची, डिझेलवर चालणारी व विशी ओलांडलेली एक स्टेशन वॅगन. तिचें कूळ सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तिच्यापासून आम्हीं केवळ सोयीची अपेक्षा केली होती. लाभला तो आनंद, आणि तोही दिवसेंदिवस वाढत जाणारा. हा आनंद कशांतून उत्पन्न होतो याचा शोध घेऊं लागलों तेव्हां विचार यंत्राकडून इतिहासाकडे वळला, आणि त्या इतिहासाचें एक टोंक आमच्याच गांवच्या रस्त्यावर सांपडलें. तोच वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचा मानस आहे.

देऊळघाट हें पैनगंगेच्या कांठचें, बुलढाण्याच्या पश्चिमेस वसलेलें मोठें गांव. या जिल्ह्यांतील मनुष्य आपला ठावठिकाणा सांगतांना तो 'घाटावरचा' कीं 'घाटाखालचा' हें आधीं सांगतो. मोंगलांच्या व निजामाच्या अमलांत वऱ्हाडाचे बालाघाट व पाईनघाट असे दोन भाग धरीत. त्या जुन्या विभागणीचीच ही आजची बोली होय. दोहोंच्या मध्यें अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा उभा आहे. देऊळघाट, बुलढाणा, चिखली, मेहकर हीं वरचीं. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं खालचीं. लोहमार्ग आला तो खालून आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा रस्ता १८६० मध्यें भुसावळास पोंचला व १८६७ मध्यें नागपुरास. वाटेंत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं स्टेशनें पडलीं. १८७० मध्यें जलंबापासून खामगांवास एक छोटा फांटा नेण्यांत आला, तो तेथील कापसाच्या पेठेसाठीं. म्हणजे जेथें कापूस होता तेथें आगगाडी मुद्दाम वाट वांकडी करून गेली. जिल्ह्याचें ठाणें जेथें होतें तेथें मात्र ती चढली नाहीं, व अद्यापिही चढलेली नाहीं. बुलढाण्याच्या माणसास आगगाडी गांठावयाची तर राजूरचा घाट उतरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर मलकापुरास जावें लागतें. स्टेशन आणि घर यांच्यामधील हें अंतर ध्यानांत ठेवावें. कारण ज्या वाहनाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचा जन्म नेमका याच अंतरांत झाला आहे.

मोटारी येण्यापूर्वीं हें अंतर बैलांनीं तोडावें लागे, आणि बैलगाड्यांतही वर्णभेद होता. बंडी मालाची. जाड आंखाची, उघड्या साट्याची, कापूस, ज्वारी, कडबा, लांकूड, शेणखत, पडेल तें वाहणारी. दमणी माणसांची. बांधणीनें हलकी, वर छत, आंत गादी, बैल चपळ व त्यांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. बंडींत माणसें बसत नसत असें नाहीं; कडब्याचा थर पसरून वर घोंगडी टांकली कीं अख्खें बिऱ्हाड जत्रेस निघे. पण प्रतिष्ठितांच्या घरची लेक सासरी जाई ती दमणींतून. तिचें सामान मागून बंडींतून येई. माणूस आणि त्याचें ओझें यांनीं एकाच वाहनांत बसणें हें गरिबीचें चिन्ह ठरलें होतें. ओझें मागून, दुसऱ्या गाडींतून, दृष्टीआड आलें म्हणजे मालकाचा मान राहिला. हा समज बैलांबरोबर गेला नाहीं. तो मोटारींत येऊन बसला, हें पुढें दिसेल.

अमेरिकेंत याच प्रश्नाचें उत्तर निराळें निघालें. तेथें रेल्वे-स्टेशनास डेपो म्हणत. गाडीतून उतरलेले प्रवासी व त्यांच्या पेट्या एकत्रच उतारशाळेपर्यंत नेणारी जी घोड्यांची गाडी असे, तिला डेपो हॅक, डेपो वॅगन अथवा स्टेशन वॅगन म्हणत. मोटारींचें युग आल्यावर सुतारांनीं फोर्डच्या मॉडेल टी गाडीची नुसती चौकट व इंजिन घेऊन त्यांवर लांकडी सांगाडा चढविला, बांक बसविले, आणि नांव जुनेंच ठेविलें. म्हणजे आगगाडीच्या पोटीं जन्मलेलें हें वाहन. आणि पुढें ज्या मोटारींनीं आगगाडीचे प्रवासी पळविले त्यांत तेंही सामील झालें, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. १९२३ मध्यें ड्यूरंट यांच्या स्टार गाडीबरोबर कारखान्याकडूनच असा सांगाडा मिळूं लागला; १९२९ मध्यें फोर्डनें मॉडेल ए गाडीची स्टेशन वॅगन आपल्या यादींत घातली, आणि तिला लागणारें लांकूड मिशिगनमधील आयर्न माउंटन येथील आपल्याच वखारींतून पुरविलें. लांकडी गाड्यांस दरवर्षीं नवें रोगण द्यावें लागे, सांधे ढिले होत, कुरकुरत, पाणी मुरे. हा खर्च व ही उस्तवार ज्यास परवडे तोच ती घेई. त्यामुळें एक चमत्कार घडला: जी गाडी हमालीसाठीं जन्मली ती श्रीमंतीची खूण ठरली.

इंग्लंडांतही तसेंच झालें. तेथें हिला 'शूटिंग ब्रेक' म्हणत, कारण शिकारीस निघालेली मंडळी, त्यांच्या बंदुका, कुत्रे व मारलेले पक्षी हीं सारीं तिच्यांत मावत. पुढें 'एस्टेट कार' हें नांव रूढ झालें. एस्टेट म्हणजे जमीनदाराचें वतन. आमच्याकडील संस्थानिकांनींही शिकारीसाठीं परदेशी मोटारींवर असे सांगाडे बांधवून घेतले. लोखंडी पत्र्याचा सांगाडा आल्यावर ही गाडी सामान्यांच्या आवांक्यांत आली. शेवरलेटची सबर्बन १९३५ ची. ब्रूक्स स्टीव्हन्स यांनीं आंखलेली विलीस कंपनीची जीप स्टेशन वॅगन १९४६ ची. प्लिमथची १९४९ ची. महायुद्धानंतर अमेरिकेंत शहराबाहेर वसाहती वाढल्या, मुलें वाढलीं, रस्ते रुंदावले, आणि स्टेशन वॅगन ही घरोघरची गाडी झाली. १९८३ च्या अखेरीस क्रायसलर कंपनीनें मिनीव्हॅन आणली. मागाहून उंच बांध्याच्या गाड्यांची लाट आली. आणि १९९६ मध्यें जनरल मोटर्सनें आपल्या मोठ्या वॅगनी बंद केल्या. आईबाप जी गाडी चालवीत तीच आपण चालवूं नये असें तेथील मुलांस वाटूं लागलें, हेंही त्याचें एक कारण सांगतात. वस्तु निरुपयोगी झाल्यामुळें नव्हे, तर ती फार उपयोगी पडल्यामुळें कंटाळवाणी झाली, असा हा प्रकार आहे.

आतां स्वदेशाकडे वळूं. आपल्याकडे मोटारधंद्याचा पाया घालणाऱ्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट गाड्या निघाल्या, त्यांचेंच अखेरचें नांव पद्मिनी. टेल्को ही कंपनी १९४५ ची. १९५४ पासून तिनें जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्यानें मालट्रक बांधले, आणि सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास आपला दुसरा कारखाना उभा केला. पद्मिनी व ॲम्बॅसडर या दोन्ही गाड्यांचीं लांब पाठीचीं रूपें निघालीं होतीं. परंतु तीं रस्त्यावर क्वचितच दिसत, आणि दिसलीं तरी रुग्णवाहिका म्हणून किंवा एखाद्या कार्यालयाची गाडी म्हणून. खाजगी गृहस्थासाठीं म्हणून स्टेशन वॅगन करण्याचा भरीव यत्न पुण्यांत झाला. १९८८ मध्यें टेल्कोनें टाटामोबाइल हा लहान मालवाहू बांधा काढला. त्याच बांध्यावरून १९९१ मध्यें सिएरा व १९९२ मध्यें एस्टेट या दोन प्रवासी गाड्या आल्या. एस्टेटमध्यें सुमारें दोन लिटरचें डिझेल इंजिन, पांच गिअर व विजेवर सरकणाऱ्या कांचा होत्या. त्या काळच्या मानानें ही चैनच. तिच्या पाठीचें वळण पाहून लोकांस जर्मन मर्सिडीजची आठवण होई. तरीही कांहीं वर्षांतच ती मागें पडली. पुढें मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉंबी, २००४ मधील टाटांची इंडिगो मरीना, अशा आणखीही वॅगनी आल्या व गेल्या. एकीनेंही मूळ धरलें नाहीं.

याचीं कारणें अनेक सांगतां येतील. २००६ च्या अर्थसंकल्पांत चार मीटरांहून आंखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर शेंकडा २४ वरून १६ वर आणण्यांत आला. तेव्हांपासून कारखानदारांनीं गाड्यांच्या शेंपट्या छाटण्यास आरंभ केला. जिचा सारा गुण शेंपटांत, त्या वॅगनीस हें वातावरण मानवणारें नव्हतें. दुसरें कारण असें कीं आपल्या कुटुंबांत सामानापेक्षां माणसें अधिक. १९९४ मध्यें आलेली सुमो मागच्या जागेंत समोरासमोर बांक घालून आणखी माणसें घेई. 'सुमो' हें नांव सुमंत मुळगांवकरांच्या नांवांतील आद्याक्षरें जोडून केलेलें. ज्या पुरुषानें मालट्रक बांधले त्याचें नांव अखेर माणसें वाहणाऱ्या गाडीस लाभलें. ट्रॅक्स, जीप यांसारख्या गाड्या काळा-पिवळा रंग लावून वऱ्हाड-मराठवाड्यांत भाड्यानें धांवूं लागल्या, आणि बाजारकऱ्यांची गरज त्यांनीं भागविली.

हीं कारणें खरीं; पण आमच्या मतें पुरेशीं नव्हेत. मुळाशीं तोच बंडी-दमणीचा भेद आहे. चार दारांच्या बैठ्या मोटारीकडे पाहावें: पुढें इंजिनाची पेटी, मध्यें माणसांची, मागें सामानाची डिकी. डिकीचें झांकण लागलें कीं आंत देवघर आहे कीं कांद्याचें पोतें, कोणास कळत नाहीं. ही एकाच चौकटीवर बसविलेली दमणी आणि तिच्यामागची झांकलेली बंडी. स्टेशन वॅगन हा पडदाच काढून टांकते. मालक पुढें बसला आहे व त्याच्या मागें कांचेंतून पोतें दिसत आहे! हें दृश्य ज्यानें नुकतीच मोटार घेण्याची ऐपत मिळविली त्या गृहस्थास कसें सोसावें? मोटार घेतली तीच मुळीं पोत्यापासून दूर जाण्यासाठीं. इंग्रज जमीनदारास बंदुका व कुत्रे दिसण्याची लाज नव्हती, कारण त्याचें ओझें हौसेचें होतें. आमचें ओझें पोटाचें होतें. म्हणून "ही मोटार कीं टेंपो?" या एका प्रश्नानें पुण्याच्या कारागिरांचें कसब फुकट गेलें.

आतां आमच्या आनंदाची गोष्ट सांगण्यास हरकत नाहीं. थंडीच्या दिवसांत घाटावर पहाटे चांगलाच गारठा पडतो. अशा वेळीं हें इंजिन किल्ली फिरवितांच जागें होत नाहीं. हीटरची तांबूस खूण विझेपर्यंत थांबावें लागतें. मग सारी गाडी एकदां अंग झाडते व चालूं लागते. तिला घाई खपत नाहीं. घाटांत दुसरा गिअर टांकला कीं ती आपल्या चालीनें चढते. मागून येणारे पुढें निघून जातात. आणि चालविणारास प्रथमच कळतें कीं राजूरच्या घाटांत पावसाळ्यानंतर झाडी किती दाट असते. ओरखडा पडेल ही भीति नाहीं, कारण पडावयाचे ते पूर्वींच पडून गेले आहेत. नव्या गाडीचा मालक गाडीस जपतो. जुन्या गाडीचा मालक गाडींत बसतो.

पण याहून महत्त्वाचा गुण पुढेंच आहे. तिच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे आहेत. असे पाटे ओझें धरून केलेले असतात. गाडी रिकामी असली कीं ते ताठ राहतात व प्रत्येक खड्ड्यास ती उसळते. मागें चार-सहा मणांचें वजन पडलें कीं पाटे वांकतात आणि तीच गाडी संथ, गंभीर चालते. हा अनुभव आम्हांस प्रथम आला तो गांवाच्या वेशीवरच. दोन पोतीं पायाशीं ठेवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें हात केला व विचारलें, "भाऊ, गाडी रिकामीच चालली काय बुलढाण्याले?" "बसा माय," म्हणून आम्हीं मागचें दार उघडलें. पोतीं आंत गेलीं, माय पुढें बसली, आणि त्या दिवशीं बुलढाण्यापर्यंतचे खड्डे आम्हांस जाणवले नाहींत. बाई उतरतांना म्हणाल्या, "गाडी चांगली हाये तुमची." आजवर त्या गाडीस चांगली म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

नव्या चकचकीत गाडीस त्यांनीं हात केला असता काय? आम्हांस नाहीं वाटत. ज्या गाडींत पोतें शोभत नाहीं तिच्या मालकास पोत्यासाठीं कोणी विचारीत नाहीं. तो एकटाच येतो व एकटाच जातो. आमच्या गाडीनें त्यानंतर शिलाईचें यंत्र नेलें, दाराची चौकट नेली, लग्नाचीं भांडीं नेलीं, तुरीच्या शेंगा नेल्या. एकदां रात्रीं मागची बैठक दुमडून, गादी घालून, शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस निजवून बुलढाण्याच्या दवाखान्यांत नेलें. त्यांचा मुलगा शेजारीं बसून त्यांचें डोकें धरून होता, आणि तीस वर्षांत पितापुत्र इतक्या जवळ बसले नव्हते असें तो पुढें आम्हांस सांगत होता. गृहस्थ बरे होऊन आपल्या पायांनीं घरीं आले. आणि एकदां मुंबईहून कायमचें परतलेलें एक बिऱ्हाड आणावयास आम्ही मलकापूर स्टेशनावर गेलों. ट्रंका, वळकट्या, लोणच्याची बरणी व चार माणसें हीं सारीं एकाच गाडींत बसून घाट चढलीं. तेव्हां ध्यानांत आलें कीं डेपो हॅक ज्या कामासाठीं जन्मली तेंच काम आज तिचें हें दूरचें भावंड करीत आहे, आणि ज्या घाटानें बंडी व दमणी वेगळाल्या केल्या तेथेंच तीं माणसें व त्यांचें ओझें एकत्र चाललें आहे.

तथापि एकपक्षीय वकिली करणें योग्य होणार नाहीं. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर आरोग्यास घातक आहे, हें निर्विवाद. नव्या गाड्यांत असणाऱ्या सुरक्षेच्या हवेच्या पिशव्या हिच्यांत नाहींत. चाकें घसरूं न देणारे ब्रेक नाहींत. खाजगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे तपासणी करून फेरनोंदणी करावी लागते, तीही पांच वर्षांपुरतीच, आणि त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचें धोरण २०२१ मध्यें देशभर जाहीर झालें. हे नियम अन्यायाचे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या वृद्धास आम्हीं दवाखान्यांत नेलें त्याच्याच नातवंडांस तो धूर घ्यावा लागतो. गाडी जावयाचीच आहे, आज नाहीं तर पांच वर्षांनीं. आमची चिंता इतकीच कीं तिच्याबरोबर 'रिकामीच चालली काय?' हा प्रश्नही जाऊं नये. ज्या दिवशीं विजेवर चालणारी, धूर न सोडणारी एखादी लांब पाठीची गाडी आपल्या कारखान्यांतून निघेल, आणि तिच्या कांचेंतून पोतें दिसतांना मालकास संकोच वाटणार नाहीं, त्या दिवशीं बंडी व दमणी यांचा जुना भेद मिटला असें म्हणतां येईल. असें होण्यास यंत्रापेक्षां मनाची तयारी अधिक लागेल.

आमच्या गाडीची पुढील तपासणी आतां जवळ आली आहे. त्यासाठीं काल तिची झाडलोट केली. मागच्या चटईखालीं ज्वारीचे दाणे, कापसाचे पुंजके, शिलाईच्या यंत्राचा एक पेंच आणि कोणाच्या तरी लग्नाच्या मूठभर अक्षता निघाल्या. पेंच ज्याचा त्यास पोंचविला. दाणे चिमण्यांस टांकले. तपासणीचा निकाल काय लागावयाचा तो लागो. उद्यां सकाळीं बुलढाण्यास जावयाचें आहे, आणि वेशीवर कोणी उभें असलें तर मागें जागा आहे.